टाकी धुवायची, धरण नाही!

बदलापूरजवळचं बारवी धरण तुम्हाला माहीत असेलच. बारवीचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मोठमोठ्या नळांतून उल्हासनगर-अंबरनाथकडे येतं. पण तहान लागली म्हणून कोणी तांब्या घेऊन बारवीवर धावत नाही! घरात टाकी असते, पिंप असतं. एकदा भरलं की दिवसभर वापरायचं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे ताई-दादा अगदी असंच करतात. आपल्याकडून रोज लोकलने ठाण्याला, ऐरोलीला असे कितीतरी जण जातात. प्रोग्रॅममधलं सगळंच काही ते स्वतः लिहीत नाहीत. तारखा मोजणं, चित्र उघडणं अशा कामांचे तयार भाग जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले असतात. आपला प्रोग्रॅम त्यांच्यावर अवलंबून, म्हणून त्यांना म्हणतात 'डिपेंडन्सी'.

जावा भाषेत लिहिणारे बरेच जण हे भाग 'मेवन' नावाच्या साधनाने आणतात. ते येतात 'मेवन सेंट्रल' या मोठ्या भांडारातून. हे झालं धरण! एकदा आणलेला भाग आपल्याच संगणकात 'एम-टू' नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. ही झाली टाकी. तिला 'कॅश' म्हणतात. पैशांची नव्हे हं!

आता समजा, भाग उतरत असतानाच वीज गेली. फाइल अर्धीच आली. जावाच्या या फाइलींची एक गंमत आहे. त्यांची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते! शेवटच आला नाही, तर आत काय कुठे आहे, हे संगणकाला कळणार कसं? तो अडून बसतो. बिचारी ताई मात्र स्वतःच्या लिखाणात चूक शोधत बसते. तिथे चूक नसतेच मुळी!

कधी आणखी एक खोडी होते. भाग मिळाला नाही, की मेवन तशी एक चिठ्ठी फोल्डरमध्ये ठेवतो. मग पुन्हा सांगितलं तरी 'आत्ताच तर जाऊन आलो' म्हणत बहुधा दिवसभर जागचा हलत नाही. दुकानात जायला कंटाळणाऱ्या बंड्यासारखा!

उपाय सोपा आहे. कोणता भाग बिघडलाय, ते संगणकाच्या संदेशात वाचायचं. तेवढंच फोल्डर चिठ्ठीसकट पुसायचं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. मेवन निमूटपणे ताजा भाग आणतो.

मग सगळी टाकीच का ओतू नये? ओतता येते, पण जपून. एखादा भाग ताईने किंवा तिच्या सोबत्याने स्वतः बनवून तिथे ठेवलेला असतो. तो मेवन सेंट्रलवर नसतो. गेला की गेला! म्हणून पुसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हे मला पुन्हा कुठून मिळेल? उत्तर असेल, तर खुशाल पुसा. नसेल, तर आधी नक्कल काढून ठेवा.

फाइल धड आली की नाही, हे ओळखायचीही युक्ती आहे. प्रत्येक फाइलीतून गणित करून एक ठसा काढतात. मेवनच्या फाइलींबरोबर येणारा एक ठसा ४० अक्षरांचा असतो. फाइलीत एक अक्षर जरी बदललं, तरी ठसा जुळत नाही. जावास्क्रिप्टवाल्यांचं साधन आहे 'एनपीएम'. २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून ते कॅशमधली फाइल वापरताना ठसा तपासतं. जुळला नाही, तर आपणहून नवी फाइल आणतं.

तुम्हीही हा खेळ खेळून पाहा. मित्राच्या कानात चार आकडे सांगा : ७, ३, ९, ४. पाचवी सांगा त्यांची बेरीज, २३. त्याने ९ च्या जागी ५ ऐकलं, तर बेरीज येईल १९. म्हणजे काहीतरी बिघडलं! पण ३ आणि ९ ची अदलाबदल झाली तर? बेरीज तीच! मग ही चूक पकडणारा ठसा कसा काढाल? डोकं लढवा पाहू!