सई : हाकेतून आलेलं नाव

अर्थ

सई म्हणजे सखी, मैत्रीण. साधी ओळखपाळख असलेली नव्हे, तर जिच्याजवळ मन मोकळं करावं अशी. मुलींची बरीच नावं देवींची, नद्यांची, फुलांची किंवा गुणांची असतात. सई हे नाव मात्र नात्याचं आहे, आणि तेही जन्मानं न मिळणाऱ्या नात्याचं. मला या नावाचं मोठं अप्रूप वाटतं ते यामुळेच.

सखीची सई कशी झाली?

संस्कृतातल्या 'सखी'चं प्राकृतात 'सही' झालं. दोन स्वरांमध्ये सापडलेला ख, घ, थ, ध यांसारखा वर्ण प्राकृतात बहुतेकदा नुसता 'ह' होऊन उरतो. 'लिख्' धातूवरून आपलं 'लिहिणं' आलं, 'दधि'चं दही झालं, 'गोधूम'चा गहू झाला, ते याच वाटेनं. पुढं 'सही'तला 'ह'ही विरला आणि सई राहिली. कागदावर करतो ती सही अरबी-फारसीतून आलेली. तिचा इथं काही संबंध नाही.

जाई, जुई आणि सई ही नावं कानाला बहिणी-बहिणींसारखी वाटतात. पण जाई 'जाती'वरून आली, जुई 'यूथिका'वरून. त्या दोघी फुलं, ही मैत्रीण.

हाक

सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात, बायका मैत्रिणीला 'सहि' अशी हाक मारून मनातलं सांगतात. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत तीच हाक 'सई', 'सये' होऊन येते. समोर दळायला बसलेली शेजारीण असो की दूर दिलेली मैत्रीण, दोघींनाही ती चालते. अनेकींना मिळून 'सयांनो'. मधली शतकं गेली, राज्यं बदलली, तरी एका बाईनं दुसरीला बोलवायचा शब्द तुटला नाही. सई हे विशेषनाम झालं ते या हाकेतून.

राजगडावरची सई

इतिहासातल्या सर्वांत परिचित सई म्हणजे शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई, फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या लेक. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर त्यांच्या पोटी संभाजी महाराज जन्मले. त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. त्यांची समाधी गडाच्या पद्मावती माचीवर आहे.

त्यांच्या एका लेकीचं नाव सखूबाई. सखू हेही सखीचंच घरगुती रूप. कऱ्हाडची संत सखू आपल्याला माहीत आहेच. म्हणजे आई आणि लेक, दोघींची नावं एकाच शब्दातून निघालेली. ते ठरवून झालं असेल असं नाही, पण मला ही जोडी फार लोभस वाटते.

आजच्या सई

मागचं 'बाई' गळलं आणि दोन अक्षरांचं नाव उरलं. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' हे चित्रपट करणाऱ्या सई परांजपे यांनी आत्मकथनाला 'सय' असं नाव दिलं. सय म्हणजे आठवण. शब्द वेगळा, पण नाद अगदी जवळचा. अलीकडच्या पिढीत अभिनेत्री सई ताम्हणकर यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्राबाहेरही कानांवर पडलं.

सई की साई?

खरी अडचण रोमन लिपीत येते. तिथं सई आणि साई एकाच स्पेलिंगनं लिहिले जातात, आणि परगावी गेलेल्या मुलीला सर्रास 'साई' म्हटलं जातं. पण 'साईं' हा स्वामी, मालक या अर्थाचा उत्तरेकडचा शब्द; शिर्डीच्या साईबाबांच्या नावात तोच आहे. एक धनी, एक सखी : अर्थांत केवढं अंतर! म्हणून पहिल्या भेटीतच 'स ऱ्हस्व, ई दीर्घ' हे सांगून टाकावं. मराठीत मात्र काहीच अडत नाही. सईला, सईचं, सईनं अशी रूपं सरळ चालतात. 'सये' ही हाक कवितेत आणि ओवीत शोभते. दारातून बोलवताना 'सई' एवढंच, शेवटची ई हवी तेवढी लांबवून.