रात्रीच्या जेवणानंतरची चाळीस मिनिटे

आजऱ्याच्या पावसाला घाई नसते. एकदा त्याने बस्तान मांडले की आंबोलीच्या डोंगरातून येणारी हिरण्यकेशी गढूळ होऊन दुथडी वाहू लागते, रामतीर्थाच्या धबधब्याचा आवाज वाढतो आणि घनसाळ भाताच्या वाफ्यांत माणसे दिवसभर वाकून रोपे लावत असतात. संध्याकाळी सारे घरी परततात आणि बऱ्याचदा नेमके तेव्हाच दिवे जातात. अशा वेळी घरातील सर्व माणसे एका छपराखाली असतात. पण ती एकत्र असतातच असे नाही. आजोबा कॉटवर, सून स्वयंपाकघरात, मुले कानांत ईअरफोन घालून आपापल्या कोपऱ्यात. वाचकहो, तुमच्या घरचे चित्र याहून फार वेगळे नसावे.

आमच्या घरी ही गोष्ट अधिक बोचली, कारण आई गेल्यानंतरचा तो पहिला पावसाळा होता. वडिलांचा रक्तदाब ठीक होता, साखरही आटोक्यात होती. तरीही माणूस आतून मिटत चालला होता. जेवलात का, असे विचारले की ‘हं’. ओसरीवर बसता का, असे विचारले की ‘नको’. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “सध्या औषध वाढवण्यासारखे काही नाही. त्यांना एकटे पडू देऊ नका आणि लक्ष असू द्या.” पण एकटे पडू न देणे म्हणजे नेमके काय करावे? बोलायला लावले की ते अधिकच गप्प होत.

माझा सोळा वर्षांचा मुलगा तेव्हा नुकताच गिटार शिकू लागला होता. एका रात्री दिवे गेले, त्याच्या ईअरफोनचे चार्जिंगही संपले, म्हणून त्याने आपले गाणे लहानशा स्पीकरवर लावले. थोड्या वेळाने अंधारातून वडिलांचा आवाज आला, “हा गातोय का रडतोय रे?”

कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

अंतराळात शेजारी बसलेले दोन स्वर

तो आवाज ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासच्या अंध कृष्णवर्णीय गायकाचा होता. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस शहरात त्याचे ‘डार्क वॉज द नाइट’ हे ध्वनिमुद्रण झाले. तो भक्तिगीते गाणारा गायक. पण त्याच्या गाण्याची घडण ब्लूजची. या तीन-सव्वातीन मिनिटांत एकही शब्द नाही. केवळ एक खोल हुंकार आहे आणि त्या हुंकाराला गिटारची तारेवरून घसरत जाणारी मींड उत्तर देते.

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. जगभरातून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचनांत ब्लाइंड विलीचा हा हुंकार आहे आणि त्याच्या लगेच आधी आहे केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे त्यांना घडवले ते उस्ताद अल्लादिया खाँ यांनी, ज्यांना शाहू छत्रपतींनी कोल्हापूर दरबारी आश्रय दिला होता. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

दुसऱ्या रात्री मुलाने ही दोन ध्वनिमुद्रणे त्या तबकडीवरच्याच क्रमाने लावली. तुम्हीही आपल्या ऐकण्याची सुरुवात इथूनच करावी. दोन्ही मिळून सात मिनिटेही लागत नाहीत.

ब्लूज आपल्याला परका का वाटत नाही

ब्लूज जन्माला आला तो अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या आणि गुलामगिरीतून सुटूनही दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांमध्ये. पुष्कळशा ब्लूज गीतांत एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत मनातले सांगून टाकायचे, अशी रीत असते. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना ही रीत समजावून सांगावी लागली नसती. कामाच्या लयीत दुःख गुंफले की ते नाहीसे होत नाही, पण पेलवते. ओवीचे हेच मर्म आहे आणि ब्लूजचेही.

स्वरांतही नाते आहे. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे आपल्या धानी रागाचे स्वर. ब्लूज गिटार शिकणारा विद्यार्थी प्रारंभी नेमके हेच पाच स्वर घोटतो. शिवाय ब्लूजमधील गंधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो. वादक तार ओढून तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी लावतो. श्रुतींचा विचार ज्या संगीतात मुरला आहे, त्या संगीतावर वाढलेला कान या जागी सहज ओळख दाखवतो.

तारेवरून बाटलीच्या मानेचा तुकडा किंवा धातूची नळी घसरवत वाजवण्याची जी पद्धत ब्लूजमध्ये आहे, तिची बहीण म्हणजे हवाईयन गिटार. तीच आपल्याकडे आली आणि व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्यासारख्या वादकांच्या चित्रपटगीतांच्या धुनांमधून घराघरांत पोहोचली. वडिलांनी हे वाद्य रेडिओवर ऐकलेले होते. नातवाला जे ‘स्लाइड’ म्हणून ठाऊक होते, ते आजोबांना ‘हवाईयन’ म्हणून ठाऊक होते. दोघांत बोलण्यासारखे काहीतरी निघाले.

घरासाठी सहा ध्वनिमुद्रिका

*अ मीटिंग बाय द रिव्हर (१९९३).* एकच घ्यायची असेल तर ही घ्या. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकेच्या राय कूडर यांची स्लाइड गिटार. हे तेच कूडर, ज्यांनी ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाचे संगीत ब्लाइंड विलीच्या त्या हुंकारावर उभे केले होते. दोघांची भेट झाली आणि अगदी थोड्या वेळात, कसलीही तालीम न करता, एका प्रार्थनामंदिरात हे वादन मुद्रित झाले. तबल्यावर सुखविंदर सिंग आणि साथीला कूडर यांचा किशोरवयीन मुलगा. चारच रचना आहेत, वेळ सुमारे चाळीस मिनिटे. दोन अनोळखी माणसे एकमेकांना जागा देत कशी बोलतात, हे यात ऐकू येते. १९९४ साली या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

*कॉल ऑफ द व्हॅली (१९६७).* शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस यात पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत उलगडत जातो. लहान मुलांना गोष्ट सांगत ऐकवावी अशी ही तबकडी आहे. शास्त्रीय संगीत ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांनीही इथूनच आरंभ करावा.

*थ्री रागाज (१९५६).* पंडित रविशंकरांच्या या ध्वनिमुद्रिकेतील जोग राग शांतपणे ऐका. जोगमध्ये दोन्ही गंधार येतात. चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. वर ज्या गंधाराविषयी सांगितले त्याची खूण इथे पटते. घरातील गिटार शिकणाऱ्या मुलाला तर ही हमखास ऐकवा.

*टुडे (१९६६), मिसिसिपी जॉन हर्ट.* १९२८ मध्ये थोडी गाणी मुद्रित करून हा माणूस आपल्या गावी शेतकामाला परतला आणि पुढची पस्तीस वर्षे बाहेरच्या जगाने त्याची विचारपूस केली नाही. १९६३ मध्ये रसिकांनी त्याला पुन्हा शोधून काढले. या वाट पाहण्याचा कडवटपणा त्याच्या आवाजात कुठेही नाही. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरून तो बोलल्यासारखा गातो. जेवणानंतर भांडी आवरताना, दिवसाचा शीण उतरवताना ऐकण्यासारखे हे गाणे आहे.

*लाइव्ह अ‍ॅट द रीगल (१९६५), बी. बी. किंग.* हे मात्र रात्रीचे नव्हे, सुटीच्या सकाळचे संगीत. शिकागोतील मैफलीचे हे मुद्रण असून श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद त्यात सतत ऐकू येतो. किंग यांना आपल्या नात्यातील बुका व्हाइट यांच्यासारखी स्लाइड वाजवणे जमेना, म्हणून त्यांनी बोटानेच तार थरथरवून तो परिणाम साधला आणि तोच थरथरता स्वर पुढे त्यांची ओळख ठरला. शिकताना अडलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

*टॉकिंग टिंबक्टू (१९९४).* मालीचे अली फार्का तुरे आणि पुन्हा राय कूडर. तुरे स्वतःला आधी शेतकरी म्हणवत. ब्लूजची मुळे आपल्या मातीत आहेत, असे त्यांचे सांगणे होते आणि ही ध्वनिमुद्रिका ऐकताना ते पटत जाते. तीच तीच फिरकी घेत पुढे सरकणारे हे वादन शेतावरून थकून आलेल्या अंगाला मानवते.

या सहांच्या सोबतीला किशोरी आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’, घरात असू द्यावा. किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर यासुद्धा अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. कोल्हापूरच्या मातीत रुजलेल्या गायकीची ती फांदी कुठवर गेली, ते त्यातून ध्यानात येते.

कसे ऐकावे

रात्रीचे जेवण झाल्यावर चाळीस मिनिटे ठरवून ठेवा. दूरदर्शन संच बंद, फोन दुसऱ्या खोलीत. स्पीकर साधा असला तरी चालेल, पण तो सर्वांच्या मधोमध असावा. एका रात्री एकच ध्वनिमुद्रिका घ्या. कोणी मध्येच झोपी गेले तर जाऊ द्या. ‘आवडले का?’ असे लगेच विचारू नका. निवड आळीपाळीने करावी: एक दिवस आजोबांचा, एक दिवस नातीचा. आपल्याला न आवडणारे गाणे दुसऱ्याखातर शेवटपर्यंत ऐकणे, हीसुद्धा घरातील एक शिकवण आहे.

स्पीकरचा आवाज इतकाच असावा की शेजारी बसलेल्या माणसाशी नेहमीच्या स्वरात बोलता येईल. मुले ईअरफोन वापरतच असतील तर आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाजाची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल, असे ती संघटना सांगते. वृद्धांना शब्द कळेनासे झाले असतील, तर आवाज वाढवत नेण्याऐवजी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या.

संगीत औषध नव्हे

अमुक राग मधुमेहावर, तमुक राग रक्तदाबावर, अशा याद्या हल्ली फोनवर फिरत असतात. त्यांवर विसंबून गोळ्या बंद करू नका. शस्त्रक्रियेपूर्वी संगीत ऐकवल्यास रुग्णाची चिंता कमी होण्यास मदत होते आणि निद्रानाश असलेल्या प्रौढांना संगीत ऐकल्याने झोप सुधारल्याचे जाणवते, असे कॉक्रेन संस्थेच्या संशोधन-आढाव्यांत आढळले आहे. हे थोडके नाही; पण याहून मोठा दावा करण्याचे आपल्याला कारण नाही.

जिवलगाच्या मृत्यूनंतरचे दुःख स्वाभाविक असते. मात्र जेवण तुटले, झोप उडाली, जगण्यात रस उरला नाही अशी भाषा कानी आली, तर गाण्यावर भरवसा ठेवून वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. आणि एखाद्या सुरावटीने दुःखी माणसाला अधिक अस्वस्थ वाटू लागले, तर ती तिथेच थांबवा. कोणते गाणे सोसवेल, हे ज्याचे त्यालाच ठरवू द्यावे.

आमच्या वडिलांचे म्हणाल, तर ते काही एका रात्रीत बदलले नाहीत. बरेच दिवस ते आमच्यात येऊन नुसते बसत. श्रावणातल्या एका रात्री ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ संपली. बाहेर पाऊस चालूच होता. कोणीही काही विचारलेले नसताना ते म्हणाले, “तुझी आई पहाटे जात्यावर बसायची, तेव्हा अशीच सुरुवात करायची. आधी नुसतं हुंकारायची. शब्द मागनं यायचे.”

आईच्या ओव्या मला ठाऊक होत्या. त्यांच्या आधीचा तो हुंकार मात्र मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. त्या रात्री वडील बराच वेळ तिच्याविषयी बोलत राहिले, आणि मुलगा गिटार मांडीवर घेऊन, ती न वाजवता, ऐकत बसला.