पंख नसलेला पक्षी

उन्हं चढली की कर्जतच्या भातखाचरांवर घारी घिरट्या घालू लागतात. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर स्वार होऊन, पंख न हलवता, त्या बघता बघता ठिपक्याएवढ्या होतात. शेजारच्या पनवेल तालुक्यात नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाल्यावर या घारींकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

घार जेमतेम पाऊण किलोची. मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेची परीक्षा मात्र 1.8 किलोच्या पक्ष्याने होते. काच तडकली तरी चालेल, आरपार भोक पडता कामा नये. वेग ताशी 600 किलोमीटर धरला, तर धडकेची ऊर्जा 25 हजार ज्यूल भरते. एक टनाची मोटार ताशी 25 किलोमीटरने आदळावी तेवढी, आणि तीही ताटलीएवढ्या जागेत! म्हणून काचेच्या थरांमध्ये चिवट प्लास्टिकचे थर असतात. काच तडकते, प्लास्टिक ताणलं जाऊन धक्का पचवतं.

परीक्षेसाठी दाबलेल्या हवेच्या तोफेतून वर्षानुवर्षं मेलेल्या कोंबड्या सोडल्या गेल्या. पण दोन कोंबड्या कधी सारख्या नसतात, मग दोन चाचण्यांची तुलना करायची कशी? त्यातून आला जिलेटिनचा पक्षी. घट्ट जेलीच्या या लंबगोल वडीत सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळतात, म्हणजे तिची घनता पाण्याहून किंचित कमी, खऱ्या पक्ष्याएवढी होते. 1.8 किलोची वडी साधारण 11 सेंटिमीटर जाड आणि 23 सेंटिमीटर लांब भरते. ना चोच, ना हाडं, ना पंख. त्यांची गरजच नसते, कारण या वेगाला मांस पाण्यासारखं वाहतं. विहिरीत सूर चुकून पोटावर आपटलेल्याला पाणी किती कठीण होतं ते ठाऊक असतं. इथे पाणीच काचेवर येऊन आपटतं.

पण ही परीक्षा एका पक्ष्याची. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर मुंबईला उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा अख्खा थवा धडकला. विमान सुखरूप उतरलं. खाली वस्तीत जवळपास 40 पक्षी मरून पडले. त्यांच्यासाठी कुठलीच काच नव्हती.

1937 च्या विमान नियमांत विमानतळापासून 10 किलोमीटरपर्यंत कचरा टाकायला, जनावरं कापायला मनाई आहे, ती घारी-गिधाडं जमू नयेत म्हणूनच. कर्जत-खालापूर त्या वर्तुळाबाहेर आहेत. पण उघड्या कचऱ्यावर घारी इथेही उतरतात, आणि वाऱ्यावर तरंगणाऱ्या घारीला पनवेल लांब नाही.