हात लावू नका!

मैत्रिणींनो, म्युझियममध्ये शिरलं की सगळ्यात आधी काय दिसतं? ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी. आपण ती वाचतो आणि हात मागे घेतो. पण जिला दिसतच नाही, तिचे हात हेच तिचे डोळे. तिनं काय करायचं?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालयच घ्या. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगाव फिरून वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथं आपलं मन रमतं ते दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी बघताना. आपल्याच घरातल्या वस्तू की त्या! डिंभ्याकडच्या एखाद्या आजीनं जन्मभर अडकित्ता चालवलेला असतो. नजर अधू झाली तरी हातात दिला की ती लगेच सांगेल, धार कशी आहे, पकड कशी आहे. तोच अडकित्ता काचेआड गेला की तिच्यासाठी तिथं काहीच उरत नाही.

म्युझियमवाल्यांचंही खोटं नाही. सतत हात लागले तर घामानं, तेलकटपणानं जुन्या वस्तू खराब होतात. मग वाट कोणती? हुबेहूब प्रतिकृती! दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं दालन सुरू केलं. हाताळून बघायला २२ प्रतिकृती, ब्रेलमधल्या पाट्या आणि कानानं ऐकायची माहिती. त्याच वर्षी स्पेनमधल्या प्रादो म्युझियमनं गाजलेल्या चित्रांच्या उठावदार प्रती बनवल्या आणि अंध लोकांनी बोटांनी चित्रं ‘पाहिली’.

पण डिंभ्याहून घोडेगाव, मंचर करत पुण्याला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. दिल्ली तर लांबच. म्हणूनच म्युझियम मोबाइलवर आलं याचं कौतुक. बऱ्याच संग्रहालयांतल्या वस्तूंचे फोटो आता घरबसल्या बघता येतात. मात्र मोबाइलवर आलं म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचलं, असं नाही हं!

अंध बाई मोबाइल कसा वापरते? अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. पडद्यावरची अक्षरं ती मोठ्यानं वाचून दाखवते. पण फोटोमागे कुणी वर्णन लिहिलेलं नसेल, तर बऱ्याचदा नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढं सरकते. शंभर फोटो असले तर शंभर वेळा ‘इमेज’! अलीकडे फोनच फोटोचं वर्णन करू लागलेत, पण अडकित्त्याला चिमटा म्हटलं तर दुरुस्त कोण करणार? नुसतं ‘अडकित्ता’ लिहूनही भागत नाही. ‘पितळी अडकित्ता, वीतभर लांब, टोकाला मोराची मान, वरचं पातं धारदार, खालचं सपाट’ असं लिहिलं की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. खर्च किती? दोन मिनिटांचा!

तसंच बाकीच्यांचं. ऐकू न येणाऱ्या मुलीला व्हिडिओखाली अक्षरं हवीत, खुणांच्या भाषेत सांगणारं कुणी हवं. चाकाच्या खुर्चीवरून येणारीला उतरण हवी आणि बसून वाचता येईल इतक्या उंचीवर पाटी हवी. हे उपकार नाहीत बरं का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कला आणि संस्कृतीचा आनंद घेणं हाही हक्क मानलाय.

आणि गंमत बघा. उतरण केली की गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाईही वर येतात, बाबागाडीही येते. माहिती ऐकायची सोय केली की अक्षर न शिकलेल्या मावशींनाही सगळं कळतं. एकीसाठी केलेली सोय दहाजणींच्या कामी येते.

हे सगळं डिंभ्याला कशाला, असं वाटतंय? घोड नदीवर धरण झालं, हुतात्मा बाबू गेनू सागर भरला आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव राहिलं, गाव नाही. ते गाव पाहिलेल्या, तिथं नांदलेल्या बायका आता थकल्यात. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. आणि त्या गावाचं सगळ्यात मोठं म्युझियम त्यांच्याच डोक्यात आहे!

बचत गटातल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल असतोच. जुनं इरलं, कणगी, जातं यांचे फोटो काढा. पण तिथंच थांबू नका. वस्तू आजीच्या हातात द्या, तिला बोलू द्या आणि तिचा आवाज टेप करा. ती बोलली ते शाळेतल्या मुलींकडून लिहून घ्या, म्हणजे ऐकू न येणारीला वाचता येईल. फोटोखाली दोन ओळी वर्णन लिहा, म्हणजे न दिसणारीला ऐकता येईल. फोटो, आवाज आणि अक्षरं, तिन्ही एकत्र ठेवा.

आणि पुढच्या वेळी सहल ठरली की संग्रहालयाला आधी फोन करून विचारा, ‘आमच्यातल्या एकीला दिसत नाही. तिला हातात घेऊन बघता येईल असं तुमच्याकडे काय आहे?’ उत्तर ‘काही नाही’ असं आलं तरी विचारत राहा. चार गावांतून हाच प्रश्न गेला, तर त्यांनाही काहीतरी करावंच लागेल.