झाकलेली विहीर, उघडी जबाबदारी

घाटकोपर पश्चिमेतील एका गृहसंकुलाच्या आवारात १३ जून २०२१ रोजी उभी असलेली मोटार प्रथम तोंडाकडून कलली आणि पाहता पाहता पाण्यात गडप झाली, तेव्हा महानगरपालिकेने खुलासा केला की, ती जागा म्हणजे निम्मी काँक्रीटने झाकून वाहनतळासाठी वापरलेली विहीर असून पालिकेचा तिच्याशी संबंध नाही. खुलासा कोरडा खरा, परंतु गैरलागू नव्हे; कारण फ्लोरिडातील चुनखडी पाण्यात विरघळून आपोआप विवरे पडतात, तसा मुंबईचा बेसाल्ट विरघळत नाही, आणि येथील खचण्यामागे बहुधा जुनी विहीर, फुटलेली जलवाहिनी अथवा शेजारचे खोदकाम असते. सामाईक आवाराची देखभाल सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेच्याच शिरावर. ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणीही दर ३ वर्षांनी व्हावयाची, मात्र तपासनीस खांब-तुळया पाहून जातो आणि विहिरीचा जुना नकाशा दप्तरातच राहतो.