आमचा झोपाळा आणि त्यांची गिटार

गेल्या वर्षीच्या गणपतीत म्हसळ्याच्या आमच्या घरात एक मोठा पेच उभा राहिला. एका बाजूला आजी आणि नातू, दुसऱ्या बाजूला मी एकटा, आणि भांडणाचा विषय साडेपाच फूट लांबीची एक शिसवी फळी!

ही फळी म्हणजे आमच्या ओटीवरचा झोपाळा. आजोबांनी तो करवून घेतला तेव्हा म्हसळे जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या राज्यात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, नबाब गेले, झोपाळा राहिला. वडिलांचे पान त्यावर जमे, आईची निवडटिपण त्यावर चाले आणि एम. ए. च्या परीक्षेसाठी मी ज्ञानेश्वरीशी झुंजलो तोही त्याच्यावरच. पुढे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या तालुक्यावरून गेले. कौले पाचोळ्यासारखी उडाली, आंब्या-फणसांची झाडे आडवी झाली, ओटीवरची तुळई मोडली. झोपाळा उतरवून माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवला, तो ठेवलाच. छपरावर पत्रे आले, पण नवी तुळई काही आली नाही. दर मे महिन्यात मी म्हणे, "पुढच्या वर्षी बघू."

आमचे चिरंजीव पुण्यास इंजिनियरिंग शिकतात, म्हणजे शिकतात अशी आमची समजूत आहे. उरलेला वेळ, आणि तो बराच असतो, स्वारी गिटार वाजवते. गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही घोणसे घाट उतरून एस. टी. ने म्हसळ्यास पोचलो. संध्याकाळी चिरंजीव माजघरात गेले, भिंतीला टेकलेल्या फळीवर बोटाने टकटक केली आणि मोठ्याने ओरडले, "बाबा, ही शिसव आहे!"

"मग काय सागवान वाटलं होतं?" मी म्हणालो.

"अहो, जगातल्या उत्तम गिटारींची पाठ ह्याच लाकडाची असते. ही फळी चिरली तर दोन-चार गिटारींच्या पाठी निघतील! माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. मी विचारू का त्याला?"

माझ्या कपाळावर आठी उमटली. पण तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ने रे बाबा. चार वर्षं उभी आहे ती. वाळवीनं खाण्यापेक्षा तुझ्या उपयोगी पडली तर काय वाईट?"

झाले! वाद घालायचा तर अभ्यास करून घालावा, ही आम्हा मास्तरांची जुनी खोड. पुढचे पाच दिवस आरत्यांच्या मधल्या वेळात मी गिटारींबद्दल मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता मला त्या विषयाची इतकी गोडी लागली, की वाद बाजूलाच राहिला.

प्रथम चिरंजिवांच्या बाजूचा पुरावा. तंबोऱ्याला जशी तबली, तशी गिटारलाही पुढे एक पातळ तबली असते. ती बहुधा स्प्रूस नावाच्या थंड प्रदेशातल्या झाडाची. तार छेडली की कंप घोडीतून तबलीत उतरतो आणि तबली हवेला हलवते. मागची पाठ दोन फाकांची. एकच फळी पुस्तक उघडावे तशी चिरून जोडलेली, आणि जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. ह्या पाठीसाठी पूर्वी ब्राझीलच्या शिसवीला मान होता. ती मिळणे दुर्घट झाले, तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन या जुन्या कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी हिंदुस्थानी शिसव घेतली. ती बहुतेक दक्षिणेकडच्या जंगलांतली. पण झाडाची जात तीच, जी आपल्या सह्याद्रीच्या उतारावर उभी आहे. आपण जिचे कपाट केले, देव्हारा केला, ती शिसव साता समुद्रांपलीकडे गाण्याच्या मैफलीत जाऊन बसली! पुढे तिच्यावरही संकट आले. तोड फार झाली म्हणून २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन पडले. आपली गिटार परदेशी न्यावी तर कागद कोणते लागतील, या काळजीत वादक पडले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

इथपर्यंत वाचून मला वाटले, की खटला आपण हरलो. पण पुढचे पान उलटले आणि स्पेनमधला एक सुतार माझ्या मदतीला धावून आला.

त्याचे नाव अंतोनियो दे तोर्रेस. आजच्या शास्त्रीय गिटारला जो आकार आहे, तो मुख्यतः ह्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात ठरवला. नाद लाकडाच्या पाठीत आहे की तबलीत, हा वाद तेव्हाही होताच. तोर्रेसने १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची तबली उत्तम लाकडाची होती, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या! ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. खरा कस तबलीत आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते.

अलीकडे इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठानेही याची परीक्षा घेतली. सहा गिटारी सारख्या बनवल्या. फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत ब्राझीलची शिसव होती, आपली शिसव होती आणि स्वस्तातली लाकडेही होती. लाकूड दिसू नये अशी व्यवस्था करून ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापला गेला, तो असा की वादकांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले. महाग कोणती आणि स्वस्त कोणती, हे कानाला सांगता आले नाही.

आणि आपल्याला हे नवे का वाटावे? मिरजेचा तंबोरा पाहा. शिकलगार हे मुळात हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तलवारी सोडून सतार-तंबोरे हाती घेतले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याची पाठ कशाची असते? भोपळ्याची! पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकलेल्या कडू भोपळ्याची. परीक्षेत भोपळा मिळाला तर आपण रडतो. मिरजेत तोच भोपळा षड्ज धरून बसतो.

विजेच्या गिटारची कथा तर याहून गमतीची. तिथे नाद पोकळ पेटीतून यायचाच नसतो. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते आणि पुढचे काम ध्वनिवर्धक करतो. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि त्या वाद्याला नावही 'ओंडका' असेच दिले. श्रोते म्हणे त्याकडे ढुंकून पाहीनात. मग त्याने एका गिटारचे दोन पंख कापून ओंडक्याच्या दोन्ही अंगांना लावले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस कानाने ऐकतो असे आपण म्हणतो, पण निम्मे तो डोळ्यांनीच ऐकत असतो.

मग मला प्रश्न पडला, की लाकडात जर इतके नाही, तर मोठमोठ्या वादकांचा एकेका गिटारीवर जीव का जडतो? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला चार माणसे भेटली.

पहिला सेगोव्हिया, शास्त्रीय गिटारचा भीष्माचार्य. तरुणपणी खिशात पैसे नव्हते. मैफलीपुरती गिटार भाड्याने मागायला तो माद्रिदला मान्युएल रामीरेझच्या दुकानी गेला. त्याचे वादन ऐकून मालकाने गिटार देऊनच टाकली, असे त्याने आत्मकथेत सांगितले आहे. १९१२ च्या त्या गिटारीने त्याला पंचवीस वर्षे साथ दिली. मग जर्मनीच्या हाउझरने बनवलेली १९३७ ची गिटार आली आणि १९६२ पर्यंत ती त्याच्या मांडीवर राहिली. दोन्ही आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

दुसरा बी. बी. किंग. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सासमधल्या ट्विस्ट गावी त्याचे गाणे चालू होते. उबेसाठी रॉकेलचे भांडे पेटवले होते. दोघांची मारामारी झाली, भांडे कलंडले, आग लागली. बाहेर पळालेला किंग आपली गिटार आणायला पुन्हा आगीत शिरला आणि जेमतेम वाचला. मागाहून कळले, की मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून झाली होती. पुन्हा असा वेडेपणा करू नये ही आठवण राहावी, म्हणून त्याने गिटारीला 'ल्युसिल' नाव दिले. गिटारी पुढे बदलल्या, पण प्रत्येकीचे नाव ल्युसिलच. म्हणजे प्रेम लाकडावर नव्हते, नावावर होते!

तिसरा ब्रायन मे. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या 'क्वीन' मंडळीतला हा गिटारवादक. १९६३ मध्ये दुकानातली गिटार परवडेना, तेव्हा बापलेकांनी मिळून घरीच बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीवरच्या फळीची. तिच्यात किड्यांनी पाडलेली भोके होती, ती बुजवली. मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याची बटणे आणि विणायच्या सुईचे टोक, सारे तिच्यात गेले. हजारो गिटारी विकत घेता येतील एवढा पैसा मिळाल्यावरही त्याची आवडती गिटार तीच राहिली.

चौथा विली नेल्सन. १९६९ मध्ये त्याने न पाहताच एक मार्टिन घेतली. तिची पाठ ब्राझीलच्या शिसवीची. तिचे नाव 'ट्रिगर', सिनेमातल्या एका प्रसिद्ध घोड्यावरून ठेवलेले. घराला आग लागली तेव्हा त्याने ती आतून बाहेर काढली. ही गिटार बोटांनी वाजवायची, नखीच्या घासापासून तिला संरक्षण नाही. नेल्सनने मात्र ती नखीने वाजवली, आणि वर्षानुवर्षे घासून घासून तबलीला दुसरे भोक पडले. त्याने ती बदलली नाही.

ही चारही माणसे मी गौरीच्या रात्री चिरंजिवांना सांगत बसलो होतो. पहिल्या दोघांच्या वेळी स्वारी मोबाइलमध्ये होती. तिसऱ्याच्या वेळी मान वर झाली, कारण शेकोटीची फळी ऐकून आपलीच बाजू भक्कम झाली असे त्याला वाटले असावे. "बघा! त्यानं घरातलीच फळी कापली ना?"

मला उत्तर सुचेना. खरेच होते ते. तेव्हा मी मुकाट्याने ट्रिगरच्या भोकाची गोष्ट सांगितली आणि झोपायला गेलो.

सकाळी पाहतो तो चिरंजीव फळीपाशी बसलेले. ओल्या फडक्याने त्याने चार वर्षांची धूळ पुसली होती. एका कडेला घासून गुळगुळीत झालेला वाटोळा डाग होता. "हा कशाचा?"

"आबांच्या पानाच्या डब्याचा."

"आणि हे?" दुसऱ्या टोकाला कर्कटकाने कोरलेली तीन वाकडीतिकडी अक्षरे होती. माझे नाव! पाचवीत असताना कोरले होते आणि त्याबद्दल वडिलांच्या हातचा मारही खाल्ला होता. मी ते पार विसरून गेलो होतो.

तो बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ही फळी चिरायची तर आधी दोन्ही बाजूंनी रंधा मारावा लागेल. मग हे काही राहणार नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आणि बाबा, तो स्पेनवाला म्हणतो ते खरं असेल, तर पाठीपेक्षा मला चांगली तबलीच हवी."

एवढे शहाणपण आमच्या घरात आजवर कोणी दाखवले नव्हते. मला मात्र आतून लाज वाटली. त्या फळीला चार वर्षे भिंतीशी उभी करून ठेवणारा मी, आणि ती कापायची म्हटल्याबरोबर वारशाच्या गोष्टी करणाराही मीच! आई 'ने' म्हणाली होती ती औदार्याने नव्हे, वाट पाहून थकली म्हणून.

त्या दिवशीच सुताराला बोलावले. दसऱ्यापर्यंत नवी तुळई बसली. चिरंजिवांची जुनी गिटार सबंध प्लायवुडची होती. पाडव्याला त्याला खऱ्या स्प्रूसच्या तबलीची एक बेताच्या किमतीची गिटार घेऊन दिली. तिची पाठ कुठल्या लाकडाची आहे, ते मी अजून विचारलेले नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओटीवर पणत्या लावल्या. आई झोपाळ्यावर बसली, नातू शेजारी गिटार घेऊन. त्याने पहिली तार छेडली, झोपाळ्याने झोका घेतला आणि पितळी कड्या करकरल्या.

आई म्हणाली, "थांब रे. आधी कड्यांना तेल घाल, मग वाजव."