मॉर्फिन घेतलं म्हणजे व्यसन लागलं? सवय, अवलंबित्व आणि व्यसन यांतला फरक

बदलापूर लोकलमध्ये उभे असाल तर आधी दांडा घट्ट धरा, कारण आजचा विषय थोडा जड आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग.

सुरुवात एका व्हॉईस मेसेजने. अंबरनाथच्या एका श्रोत्याने पाठवलाय. त्याच्या बाबांना कॅन्सर आहे, दुखणं हाडापर्यंत गेलंय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. आत्या म्हणते, "अरे, ती अफूची गोळी! दादाला व्यसन लागेल." मग घरचे एक गोळी देतात, एक चुकवतात. बाबा रात्रभर कण्हतात. आणि एक मित्र म्हणतोय, "गोळी सोड, गांजाचं तेल दे. नॅचरल आहे, सवय लागत नाही."

आत्या चुकतेय आणि मित्रही चुकतोय. दोघांचा घोळ एकच आहे: तीन वेगळ्या गोष्टींना आपण 'सवय लागली' हा एकच शब्द वापरतो.

आधी चहा घेऊ

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका कटिंगने झोप उडायची. आता तीन लागतात. याला म्हणतात टॉलरन्स. डोस तोच, परिणाम कमी.

रविवारी चहा राहून गेला आणि दुपारी डोकं ठणकायला लागलं. हे शारीरिक अवलंबित्व. शरीराने त्या पदार्थाला धरून आपलं गणित बसवलंय.

पण चहासाठी तुम्ही घरातलं मंगळसूत्र गहाण टाकलं का? नोकरी घालवली का? नाही ना! व्यसन ती पायरी आहे: नुकसान दिसतंय, थांबावंसं वाटतंय, तरी थांबता येत नाही. दिवसाचा सगळा विचार त्याच एका गोष्टीभोवती फिरतो.

शरीरात काय होतं?

रस्सीखेच आठवा. मॉर्फिन एका बाजूने ओढतं: वेदना कमी, आतडी मंद, श्वास मंद. काही दिवसांत शरीर तोल साधायला उलट बाजूने ओढायला लागतं. औषध अचानक सोडलं की पलीकडचा जोर तेवढा उरतो आणि आपण आपटतो. घाम, जुलाब, पोटात कळा, नाक गळणं, झोप उडणं. म्हणून मॉर्फिन एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

काही आठवडे नियमित मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे अवलंबित्व येतं. ते अपेक्षितच आहे आणि ते व्यसन नाही. कॅन्सरमध्ये डोस वाढवावा लागला, तर अनेकदा कारण असतं आजार वाढल्याचं. आणि दुखणं नीट आवरलेलं नसलं की माणूस घड्याळाकडे बघत गोळी मागतो. घरच्यांना ते व्यसन वाटतं. खरं म्हणजे तो वेदनेतून सुटका मागत असतो.

ही भीती आली कुठून?

१९८५ साली एनडीपीएस कायदा आला. अमली पदार्थांना आळा घालणं हा हेतू. पण परवान्यांची एवढी भानगड झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. ज्या देशात अफू पिकते, त्याच देशात रुग्ण तळमळत राहिले. २०१४च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक' मादक औषधांसाठी नियम सोपे झाले. आपल्याकडची माणसं लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. तिथल्या पॅलिएटिव्ह केअर विभागात वेदनेवर स्वतंत्र उपचार मिळतात.

मग धोका नाहीच का?

आहे. समजा, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर वाकणारा कुणी. कंबर धरली, डॉक्टरांनी पाच दिवस ट्रामाडॉल दिलं. कंबर सुटली, पण गोळीने हलकं वाटतं म्हणून ती चालूच राहिली. पुढे दोनाच्या चार झाल्या. पगार गोळ्यांत जायला लागला, घरी खोटं बोलणं सुरू झालं. हे व्यसन, मग सुरुवात चिठ्ठीने का झालेली असेना. ट्रामाडॉलचा डोस जास्त झाला तर फिट येऊ शकते. एप्रिल २०१८पासून हे औषधही एनडीपीएसखाली आहे. चिठ्ठीशिवाय देणारा मेडिकलवाला तुमच्यावर उपकार करत नाही.

आणि ते 'नॅचरल' तेल?

अफूही नॅचरलच आहे की! गांजातल्या टीएचसीने नशा येते, सीबीडीने तशी येत नाही. रोज गांजा घेणाऱ्याच्या मेंदूत टीएचसी ज्या रिसेप्टरांवर बसतं, ते कमी होतात. हाच टॉलरन्स. सोडल्यावर चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, हेही होतं. गांजा घेणाऱ्या साधारण दहातल्या एकाला त्याचं व्यसन लागतं, आणि कमी वयात सुरुवात केली तर धोका वाढतो.

औषधी उपयोग खोटा नाही. मिरगीच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. केमोच्या मळमळीवरही उपयोग होतो. पण कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिनची जागा घेईल असा पुरावा नाही. आपल्याकडे आयुर्वेदात 'विजया' आहे, तीही वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची. गांजा आणि चरस बाळगणं गुन्हा आहे. पानांवर राज्याचे वेगळे नियम आहेत, म्हणजे भांग मोकळी असं समजू नका. कुणाकडून तरी आणलेल्या बाटलीत नक्की काय आणि किती, हे कळत नाही. वर मॉर्फिनसोबत दिलं तर गुंगी वाढू शकते.

तर अंबरनाथच्या मित्रा,

बाबांच्या गोळ्या सांगितलेल्या वेळेवर दे, दुखायची वाट बघू नकोस. बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध मागून घे. डोस स्वतः वाढवू नका, तोडू नका. गोळ्या कुलपात ठेव आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कंबरेसाठी वापरू नका. बाबा हाक मारून उठत नाहीत किंवा श्वास फार मंद वाटतोय, तर तडक हॉस्पिटल. आणि कुठलंही तेल देण्याआधी त्याच डॉक्टरांना विचार.

आत्याला हा भाग ऐकव. तिची भीती मायेपोटी आहे, पण रात्र बाबांना काढावी लागते.

ऐकता ऐकता कुणाला वाटलं असेल, 'माझं प्रकरण तिसऱ्या पायरीवर गेलंय', तर लाजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यातलं मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतंय. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

चला, स्टेशन आलं असेल. भेटू पुढच्या भागात!